चावी हातात, गाडी समोर

नाही झाली! तुमचा शर्ट नाही झाला, तुमच्या चादरी नाही झाल्या, आणि त्या कोपऱ्यात उभ्या बाईंचा कोट तर मी अजून गाठोड्यातून बाहेरही काढलेला नाही. ओरडू नका. या दुकानात ओरडायचं काम माझं, ते मी करते. कारण हवंय? मग बसा, सांगते. गाठोड्यावर नाही, बाकावर... सरका जरा, त्यांनाही बसू द्या.

कारण असं की आमच्याकडं गाडी आहे. इस्त्रीचा आणि गाडीचा काय संबंध, असं तोंड करू नका, तिथंच येतेय. आमच्या ह्यांनी मावसभावाची जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे रंगानं जुनी, अकलेनं नवी. तिला चावी घालायला भोकच नाही! म्हणजे चावी आहे, पण ती खिशात ठेवायची. आपण जवळ गेलो की गाडी कुईं करते, दार उघडतं, आत बसून बटण दाबलं की सुरू! चावी आणि गाडी आपापसात हवेतून बोलतात म्हणे. हे पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "अगं, ती मला ओळखते!" मी म्हटलं, चला, कुणीतरी ओळखतंय.

आता आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वरच्या मजल्यावर असतात. मोतीबिंदू इतका वाढलाय की त्यांना माणूस दिसत नाही, नुसता ढग दिसतो. परवा मी पुढ्यात उभी होते तर कपाट समजून माझ्या डोक्यावर चष्मा ठेवला त्यांनी! ऑपरेशनची तारीख मिळवताना आमच्या नाकी नऊ आले. दवाखान्यातली बाई फोनवर बोलते की खिळे ठोकते? "दहाच्या आत आणा. उशीर झाला तर दुसरा पेशंट आत घेऊ, आणि पुढची तारीख मला विचारू नका!" तिकडं डॉक्टर आधीच बोलून बसलेले, अजून लांबवलंत तर माझ्याही हातात राहणार नाही. म्हणजे बघा. गेली तारीख तर गेले डोळे.

तर त्या सकाळी आईंना जिन्यावरून उतरवलं, दारापुढं रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवलं, शालीत गुंडाळलं. हे ऐटीत गाडीजवळ गेले. कुईं नाही. परत मागं गेले, परत पुढं आले. कुईं नाही! चावीचं बटण दाबलं, चावी झटकली, चावीवर फुंकर मारली, चावी हनुवटीला लावून दाबली... काही नाही! मी म्हटलं, "अहो, ती ओळखत होती ना तुम्हाला?" तर माझ्यावरच डाफरले. चावी हातात, गाडी समोर, आणि आम्ही रस्त्यावर!

गॅरेजवाल्याला बोलावला. तो आला, दात कोरत. चावी उलटी केली, नखानं टचकन काहीतरी ओढलं, तर पोटातून निघाली बारकी लोखंडी चावी! वर्षभर ही चावी घेऊन फिरतात आमचे हे, आत काय आहे याचा पत्ता नाही. त्यानं दार उघडलं, आणि गाडी जी बोंबलायला लागली, जी बोंबलायला लागली! चोर, चोर, चोर! सगळी गल्ली खिडकीत. आत बसून ह्यांनी बटण दाबलं, तर समोर अक्षरं उमटली, 'चावी सापडत नाही.' अगं भवाने, त्यांच्या मुठीत आहे की! घाम फुटलाय त्या चावीला!

गॅरेजवाला म्हणतो, "ताई, गाडी चावीला ओळखत नाही, तोवर इंजिन सुरू होणार नाही. सुरक्षेसाठी आहे ते." कुणाच्या सुरक्षेसाठी? मालकापासून गाडीच्या?

तेवढ्यात समोरचा दातांचा डॉक्टर उतरला, त्याला दवाखाना उघडायचा होता. त्यानं आपल्या गाडीवर चावी रोखली. ती पण मुकी! मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो माणूस दुसऱ्याचे दात उपटतो, पण स्वतःच्या गाडीचं दार त्याला उपटता येईना. मग त्याच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले. त्यांना आम्ही हवामान खातं म्हणतो, कारण ते सांगतील त्याच्या उलटं होतं. त्यांनी आभाळाकडं बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "वहिनी, हे वरून आहे. टॉवरच्या लहरी. दुपारपर्यंत काही सुटत नाही." मी म्हटलं, "भाऊजी, दहापर्यंत सोडवा, दुपारचं मी बघते!"

टॅक्सी का नाही बोलावली, असं विचारणार ना आता? बोलावली! एवढी का मी वेडी आहे? आली टॅक्सी, आणि बिचारा ड्रायव्हर निघाला सभ्य. म्हणाला, "थांबा मावशी, आजींना मी धरतो," आणि इंजिन बंद करून उतरला. मेल्यानं इंजिन बंद केलं हो! परत जाऊन बटण दाबतो तर... सांगायला नको. त्याची गाडी रस्त्याच्या मधोमध, मागं भाजीचा टेंपो, टेंपोमागं स्कूटर, सगळे भोंगे चालू. तीन चाव्या हातात, तीन गाड्या समोर, आणि सगळी गल्ली रस्त्यावर!

आणि या गोंधळात आई कशा? शांत! शाल गळ्यापर्यंत, हात आत, चेहरा असा की जणू फोटो काढायला बसल्यात. ह्यांनी जाऊन सांगितलं, "आई, घाबरू नकोस, होईल काहीतरी." तर म्हणाल्या, "मी बोलावतेय रे." आम्हाला वाटलं, देवाला. मध्येच त्यांना डुलकी लागली, मान कलली, आणि तुम्हाला सांगते, त्याच क्षणी आमची गाडी कुईं! हे धावले, मी धावले, हवामान खात्यानं टाळी वाजवली, "बघा, मी म्हटलंच होतं!" त्या टाळीनं आई दचकून जाग्या झाल्या आणि गाडी परत ठार मुकी.

दहा वाजत आले. मी हात टेकले. हे चाकाशी उकिडवे बसलेले, तोंड लहान मुलासारखं. मी म्हटलं, मरू दे गाड्या, खुर्चीसकट उचलते आणि चालत नेते! गेले, वाकले, शालीखालून हात घातला, तर आईंची मूठ हाताला लागली. अशी आवळलेली, की अंगठा पांढराफटक.

"आई, मुठीत काय?"

"घंटा. तुला बोलावतेय केव्हाची."

आता ही घंटा सांगितली पाहिजे. आई वर, मी खाली, म्हणून नणंदेनं बिनतारी घंटा आणून दिली होती. बटण आईंच्या गळ्यात दोरीला, घंटा खाली दुकानात प्लगला. पाणी हवं, टिंगटाँग. खिडकी लाव, टिंगटाँग. मगाशी कशाला बोलावलं ते आठवलं, टिंगटाँग! आणि दुकानात चालणारा प्लग एकच. तिथं घंटा लावू की इस्त्री? तुम्हीच सांगा! तुमच्याच कपड्यांसाठी मी घंटा उपटून फळीवर ठेवली. आईंना बोलले नाही, उगाच मनाला लावून घेतात. मधूनमधून जिना चढून बघून येतेच की मी! त्यात माझं काय चुकलं?

"अहो, मी ही काय, तुमच्यासमोर! सकाळपासून इथंच ओरडतेय!"

"ओरडणं ऐकू येतंय गं. ते दुकानातूनही येतं. तू जवळ आहेस का लांब, ते कळत नाही." मग म्हणाल्या, "आठवडा झाला, घंटेला येत नाहीस. बटणातला जोर गेलाय वाटतं. म्हणून दाबूनच धरलंय."

मी आवाज खाली आणला. मी! बघून घ्या, परत होणार नाही.

"कशाला बोलावत होतात?" मी विचारलं.

त्यांनी माझा कान जवळ ओढला. "मला भीती वाटतेय. ह्याला सांगू नकोस, रडेल."

मी त्यांचा अंगठा हळूच बटणावरनं सोडवला आणि तो हात माझ्या हातात घेतला. आणि... कुईं! आमची. कुईं! दातवाल्याची. टॅक्सीचे दिवे लुकलुकले, आणि गल्ली अशी ओरडली की आईंनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे गं?" अहो, चावी आणि गाडी हवेतून बोलतात, आईंचं बटणही हवेतूनच बोलतं. आई मध्ये एकसारख्या बोलत राहिल्यावर बाकीच्यांचं कुणाला ऐकू जाणार? पन्नास वर्षं आमच्या घरात दुसरं काय चाललंय?

गेलो. दवाखान्यातली खिळेवाली बाई वही मिटतच होती. मी तिच्याकडं नुसतं बघितलं, तिनं परत उघडली. ऑपरेशन झालं, झकास झालं. पट्टी सुटली, आईंना ह्यांचं टक्कल दिसलं, म्हणाल्या, "अरेरे." मला बघून म्हणाल्या, "तू होय." घरी आल्या, भिंत धरत दुकानात उतरल्या आणि ज्या डोळ्यांसाठी मी सगळ्या गल्लीशी भांडले, त्या डोळ्यांना घरात पहिली काय दिसली? फळीवरची घंटा!

त्यांनी ती उचलली. माझ्या इस्त्रीचा प्लग काढला. घंटा लावली. वर गेल्या.

हे बघा... तिथं प्लगला काय आहे, दिसतंय ना? मग इस्त्री कुठं लावू, डोक्यावर? आता ह्यांना गाडी काढायची असली की आधी जिन्याखालून ओरडतात, "आई, अंगठा काढ गं!" दातवालासुद्धा ओरडतो. न्या तुमचे शर्ट, झटकून घाला, अंगावर ताणले जातील आपोआप, कारण...

टिंगटाँग.

ऐकलंत? आले हो आई, आले! चावी ह्यांच्या हातात, बटण आईंच्या हातात, आणि मी जिन्यात!