नाळेवरचं लेकरू

आमचं घर कारंज्याचं, सुताराचं. काय सांगू तुमाले, बापानं जलमभर वखरं-तिफनी केल्या, मले मात्र नक्षीचा नाद, मंदिराच्या दारावर बाहुल्या कोरता कोरता उमर गेली, आता बोटं वळत नाहीत.

इथल्या एका शेटजीची रुई मुंबईले जाये, तिकडं एका गलबतात त्याईचा हिस्सा होता. गलबताच्या तांडेलाचा निरोप आला, नाळेसाठी लाकडाची बाई पाठवा. शेटजी म्हने, कर बावा. आता नाळ म्हटलं का आमाले एकच नाळ ठाव. त्याच साली आमच्या घरवालीचं, शेवंतीचं, पहिलं लेकरू नाळ गळ्याले गुंडाळून मेलेलंच आलं होतं, तवापासून शेवंती बोलनंच इसरली होती. म्या सागवानात बाई कोरली, मांडीवर लेकरू, नाळ मोकळी. शेवंती रोज येऊन बसे, लेकराच्या पायावरून हात फिरवे. एक दिवस बोलली, याचे डोळे उघडेच ठेवजा जी.

बाई पेटीत घातली अन् मुर्तिजापुरावरून गाडीनं घेऊन गेलो मुंबईच्या बंदरावर. तांडेल पोट धरून हासला. म्हने, अरे येड्या, नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक. मंग हासू गेलं त्याचं. म्हने, पूर्वी तिथं बकऱ्याचं मुंडकं बांधत, दर्याला बळी, मग कोणी शहाण्यानं जीव मारणं सोडून लाकडाचं तोंड बसवलं, वाट बघणारं, त्याचाच पुढं कुठं वाघ झाला, कुठं बाई झाली. इथं पोर ठेवलं तर खलाशी म्हणतील बळी दिला, एकही चढायचा नाही. पोर काढ.

काय करता. पटाशी माहीच, हातबी माहाच. लेकरू सुटलं अन् धक्क्यावरून पान्यात पडलं, म्या नुसता पाहून राह्यलो.

घरी आलो त शेवंती दारात उभी, लागलं का जी लेकरू गलबतावर? म्या म्हनलं, लागलं. मंग आमाले दुसरं लेकरू काही झालं नाही. शेवंती भाकर थापता थापता इचारे, आता कुठवर गेलं असन? म्या म्हनो, लय लांब. ते म्हने, तिकडं थंडी असन, अन् जेवाले वाढे. सारी जिंदगी हेच.

गेल्या पोळ्याले ते गेली, जातानीबी तेच इचारलं. खरं सांगाची हिंमत नाही झाली मले. आता सांगाव म्हटलं त ऐकनारी नाही, तुमी समोर बसले म्हनून तुमाले सांगतलं. देव तुमचे लेकरं धड ठेवो.