दीड हाताची कांडी

मी जन्माचा लालबागचा. गाव मालवणाकडं, पण ते बापाचं, बाप गिरणीत होता, मी गिरणीत नाय गेलो, चाळीच्या जिन्याखाली रेडिओ दुरुस्तीचं टेबल टाकलं आणि चाळीस वर्षं तिथंच वाकून बसलो. शेजारच्या बाळ्याच्या घरचा रेडिओही मीच उघडायचा, मीच लावायचा. संध्याकाळी साडेसहाला आमच्या गॅलरीत कोकणातलं स्टेशन लागायचं, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत तांब्याची तार, आणि खाली आमची ही आणि बाळ्याची आई तांदूळ निवडत ऐकत बसायच्या.

चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही सोळाव्या मजल्यावर. बाळ्या सोसायटीचा सेक्रेटरी. साखरेनं हिची नजर गेली, मग टीव्ही काय कामाचा? तिला तेवढं एक स्टेशन पायजे, तिकडची बोली कानावर पडायला, मोबाईलवर शोधलं तर ते मिळालं नाय. आणि रेडिओवर नुसती घरघर. तार बांधायला गॅलरी कुठाय?

मग काय सांगू तुम्हाला, मी छोटा अँटेना बनवायला घेतला. दीड हाताची स्टीलची कांडी, तिच्या बुडाशी डबीत तीन पायांचा एक बारका ट्रान्झिस्टर, चार बारीकसारीक पार्ट, नऊ व्होल्टची बॅटरी. कांडी पकडते थोडं, ट्रान्झिस्टर ते मोठं करून रेडिओला देतो, लांब तारेचं काम तेवढ्यात होतं. टेबलावर ठेवून लावला तर घरघर दुप्पट. तीनदा मोडला, तीनदा जोडला, पार्टवाल्याला शिव्या घातल्या. ही पलंगावरून रोज विचारायची, अवो, रेडियो लागलो काय? एकदा मी तिच्यावर ओरडलो, गप पड म्हणून. ते अजून सलतं.

एका संध्याकाळी अख्ख्या टॉवरची लाईट गेली, रेडिओ सेलवर चालूच होता. आणि स्टेशन असं स्वच्छ लागलं की ही उठून बसली. कोण बाई मालवणीत फणसाची भाजी सांगत होती, आणि ही रडत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, सर्किट बरोबरच होतं, घरघर ह्या लिफ्टची, ह्या एलईडी दिव्यांची, कांडीला जे ऐकू येतं ते सगळंच मोठं होतं, ती निवड करत नाय. चाळीस वर्षं रेडिओ उघडले आणि एवढं सुचू नये, स्वतःची लाज वाटली. धा मिनिटांनी लाईट आली, लोक खूश, आमचं स्टेशन बुडालं.

कांडी गच्चीवर, दिव्यांपासून लांब लावायला हवी होती. बाळ्याकडं गेलो. तो म्हणाला, काका, चाळ राहिली नाय आता, वर कायपण लावलं की बिल्डिंगचा लुक जातो. तीनदा गेलो, तीनदा हेच. मार्गशीर्षात ही गेली. शेवटच्या आठवड्यातही विचारत होती, लागलो काय?

गेल्या महिन्यात बाळ्या स्वतः दारात. आई सारखी रडते काका, तिला ते कोकणातलं स्टेशन हवंय, तुमची कांडी लावू गच्चीवर, परमिशनचं मी बघतो. दार तोंडावर आपटावंसं वाटलं. पण म्हातारी चाळीत हिच्यासंगं आमच्याच गॅलरीत बसलेली. लावून दिली, ह्याच हातानं, तार खाली तिच्या खिडकीत सोडली.

आता रोज साडेसहाला तिच्याकडं स्टेशन लागतं. मला बोलावतात, मी जात नाय. म्हातारी सुखात राहो. बाळ्यासाठी मात्र तोंडातून आशीर्वाद निघत नाय, काय करू.