पान दोनशे अकरा

काका, काकू, पल्लवीताई, आणि मिलिंदसाठी वेळ काढून इथे आलेले सगळे.

मी निखिल. जवाहर चौकात मोबाइल दुरुस्त करतो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

मिलिंद किती गुणी होता हे आत्ता सगळ्यांनी सांगितलं. ते खरं आहे. मला मात्र त्याचा राग आलाय. आठवडा झाला, जात नाही. शोकसभेत असं बोलू नये, कळतं मला. पण आज नाही बोललो तर काकूंना हे उद्या कुणाच्या तरी मोबाइलवर वाचायला मिळेल. ते नको.

थोडक्यात सांगतो. 'सॉल्टगेट' नावाचा एक गेम आहे. समुद्राकाठी शहर, शहराला भिंत, भिंतीला लोखंडी गेट. वादळ येतं. इंजिनिअर गेट बंद करतो. शहर वाचतं, पण त्याचा धाकटा भाऊ बाहेर राहतो. गेम संपतो. भाऊ बाहेर आहे हे इंजिनिअरला माहीत होतं का? गेम सांगत नाही. एवढाच प्रश्न. या एका प्रश्नावर आम्ही तीन वर्षं भांडलो. दर शनिवारी, तुलसी नगरला मिलिंदच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात. काका दार उघडून विचारायचे, "कुठल्या खात्याची बैठक चाललीय?"

त्या गेमवर एक कादंबरी निघाली होती. इंग्रजी. आमच्यात ती एकट्या मिलिंदकडे. मी अकरावीत शिक्षण सोडलं. तो वाचायचा आणि सांगायचा. मी पुस्तक मागितलं की म्हणायचा, "तेरे हाथ में सोल्डरिंग की पेस्ट लगी रहती है, भाई. तू लिख, मैं बताता हूँ."

मी लिहिलं. वही केली. डावीकडे गेममध्ये काय, उजवीकडे कादंबरीत काय, मध्ये तारीख. रेघा पट्टीनेच मारल्या. आणि त्या वहीतली सगळ्यात मोठी नोंद म्हणजे पान दोनशे अकरा. इंजिनिअर लिव्हरला हात घालतो, तेवढ्यात बाहेरून शिट्टी ऐकू येते. दोघे भाऊ लहानपणी वाजवायचे तीच. तो थांबतो. ऐकतो. आणि गेट बंद करतो.

म्हणजे त्याला माहीत होतं! संपला वाद. गेमने लपवलं, कादंबरीने सांगितलं. गेट खाली यायला किती वेळ लागतो, तेवढ्यात शिट्टी ऐकू येईल का, हे बघायला आम्ही भदभद्याला, धरणाची गेटं खाली येतात तिथे, गेलो होतो. लोक भुट्टे खात होते, फोटो काढत होते. आम्ही दोघे घड्याळ लावून उभे. मिलिंद किती गंभीर होता! "लिख," म्हणाला, "ऐकू येऊ शकतं."

आम्ही ते सगळं इंटरनेटवर टाकलं. कुठल्या कुठल्या शहरांतली माणसं आमच्याशी भांडली, मग पटलं त्यांना. कित्येकांनी लिहिलं, हो, आम्हीही वाचलंय ते पान. एकाने तर कळवलं की त्याच्या आवृत्तीत ते पान दोनशे चौदा आहे. आणि संजय, तू. मागे बसलायस, दिसतोयस. "यार, वो सीटी वाला पन्ना पढ़ के मैं रो दिया." म्हणाला होतास की नाही?

मग मिलिंदला ताप आला, आणि सहा दिवसांत सगळं संपलं.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. पुस्तक हातात दिलं. म्हणाल्या, "यात जीव होता त्याचा. तू ने." मी ते दुकानात बसून वाचलं. एकेक शब्द मोबाइलवर शोधत. नऊ दिवस लागले.

त्या पुस्तकाला एकशे अठ्ठ्याऐंशी पानं आहेत.

मला वाटलं, पानं सुटली असतील. मी शिवण तपासली. माझ्याकडे कामाचं भिंग असतं, त्याखाली धरून तपासली. एकही पान सुटलेलं नाही. शेवटच्या पानावर दुसऱ्या गेमची जाहिरात आहे. आणि गेटचं काय? "त्याने गेट बंद केलं." एक ओळ. पुढचं प्रकरण. शिट्टी नाही. थांबणं नाही. गेममध्ये जे आहे तेच, जसंच्या तसं, आळसाने उतरवलेलं. फरक एकही नाही. माझ्या वहीत एकशे चौदा आहेत.

काय म्हणायचं याला? तीन वर्षं, मिलिंद! एकदा तरी म्हणायचंस ना, "माहीत नाही." एकदा तरी म्हणायचंस, "निखिल, पुस्तक बेकार आहे, पट्टी ठेव."

मग मी वहीतल्या तारखा लावून बघितल्या. मला दुसरं काय येतं? एका शनिवारी मी विचारलेलं दिसतं, भावाचं वय काय असेल? पुढच्या शनिवारी कादंबरीत वय. मी विचारलं, त्यांची आई कुठे होती? पुढच्या शनिवारी कादंबरीत आई. एकशे चौदा वेळा. मी विचारायचो, आणि आठ दिवसांत ते पुस्तकात यायचं. साकेत नगरच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायचा हा माणूस. हे सगळं रचायचा कधी?

आता अडचण सांगतो. इंटरनेटवरच्या लोकांनी या सिद्धांताला मिलिंदचं नाव दिलंय. श्रद्धांजली म्हणून. आणि त्यांना माझ्याकडून पान दोनशे अकराचा फोटो हवाय. आजच. पल्लवीताई मला म्हणाली, "फाटलं म्हणून सांग ना. कोणाचं काय जातं?" ताई, तुझं बरोबर असेल. पण मी ती शिवण भिंगाखाली बघितलीय. फाटलं म्हणून नाही सांगता येत मला. आणि खरं सांगितलं तर लोक त्याला खोटारडा म्हणतील. गेलेल्या माणसाला. म्हणून आधी काकूंना विचारायला उभा राहिलो.

काकू, तुम्ही हसताय?

काय? जरा मोठ्याने... काकू म्हणतायत, सातवीत त्याने न वाचलेल्या धड्यावर चार पानं उत्तर लिहिलं होतं, आणि बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. म्हणतायत, "लिही खरं. त्याला वाईट नाही वाटायचं. मार्क मिळाले होते त्याला."

बरं. मग मी असं लिहिणार आहे: "पान दोनशे अकरा कुठल्याही आवृत्तीत नाही. ज्यांनी ते वाचलंय, त्यांनी परत बघावं. शिट्टी मिलिंदची आहे. उरलेल्या एकशे तेरा गोष्टीही त्याच्याच. कादंबरीपेक्षा चांगल्या आहेत. दोन्ही वाचणारा मी एकटाच आहे, म्हणून सांगू शकतो." खाली माझं नाव. हे मी इथून घरी जायच्या आत पाठवणार.

राग गेलेला नाही. एकशे पंधरावा प्रश्न तयार होता माझा. गेट बंद झाल्यावर बाहेरच्या भावाने पुन्हा शिट्टी वाजवली का? त्या शनिवारी विचारणार होतो. आता पुढच्या शनिवारी उत्तर येणार नाही.

उभे राहू या. दोन मिनिटं. आणि कृपा करून, या दोन मिनिटांत त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कुणी मला काही सांगू नका.