टाकीमागच्या उतारावरील यंत्राचे पाते काढल्याबाबत

मी, वस्तीत 'फिटरकाका' म्हणून ओळखला जाणारा, वय ५४ वर्षे, धंदा यंत्रदुरुस्ती, शिक्षण सातवी व पुढचे माझे मी, राहणार पाण्याच्या टाकीमागील शेवटचे घर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

टाकीमागच्या उतारासाठी मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू अशा: पत्र्याच्या नावपट्ट्या १४६, अक्षरे ठोकून काढलेली, रंगवलेली नव्हेत, बी चाळायच्या चाळण्या तीन, तीन मापांच्या, बियांचे एकशेवीस खणांचे कपाट, आणि फुले जवळून बघता यावीत म्हणून चाके लावलेला पाट. झाडे मी केलेली नाहीत. ती इथलीच, टाकीच्याही आधीची. नऊ वर्षे मी फक्त बाहेरून आलेले तण उपटतो आणि बी सांभाळतो.

नावे मी ठेवली. निळी टिकली, घंटावाली, उशिरा उठणारी (ही पावणेअकराला उघडते) वगैरे. कॉलेजच्या बाईंनी नंतर पुस्तकातली नावे सांगितली. तीही ठोकली, खालच्या ओळीत.

काल मंगळवारी सकाळी ९.४० वाजता ठेकेदार गवत कापायचे यंत्र घेऊन आले. शुक्रवारी टाकीची पाहणी असल्याने उतार साफ करायचा त्यांना हुकूम होता. मी म्हणालो, "साहेब, अकरा दिवस थांबा. घंटावालीच्या शेंगा हिरव्या आहेत. तिचं बी खणात टिकत नाही, मी तीनदा करून बघितलंय. आज कापलीत तर पुढच्या वर्षी ती नाही."

ते म्हणाले, "काका, गवताला पाट्या लावल्या म्हणून त्याची बाग होत नाही. व्हा बाजूला."

मी म्हणालो, "होतो. पण तुमचं यंत्र खडखडतंय."

हे खरे होते. पात्याचा बोल्ट सैल होता आणि धार म्हणाल तर नावाला. ते म्हणाले, "मग बघा की जरा, फिटर ना तुम्ही?" आणि चहाला गेले.

९.५५ वाजता मी पाते काढून घरी नेले. 'बघा' म्हटले होते, 'न्या' म्हटले नव्हते, हे मला मान्य आहे. मात्र चोरी म्हणता येणार नाही, कारण यंत्राच्या दांड्याला मी पत्र्याची पट्टी बांधली होती. तिच्यावर ठोकले होते: 'पाते धारेसाठी नेले आहे. काम चोख हवे असल्यास अकरा दिवस.'

पत्नी म्हणाली, "अर्ध्या तासाचं काम आणि अकरा दिवस? धरून नेतील तुम्हाला."

मी म्हणालो, "नेऊ देत. त्यात दोन दिवस तरी निघतील."

आज सकाळी १०.३० वाजता हवालदार व ठेकेदार पंचनाम्यास उतारावर आले. मी पाते धार लावून, तेल पुसून, फडक्यात गुंडाळून हजर केले. बोल्टखालची चकती गवतात पडली होती. ती शोधायला ठेकेदार पाटावर बसले. चकती १०.४० ला सापडली. ते उठले नाहीत. १०.४५ वाजता त्यांच्या नाकासमोर उशिरा उठणारी उघडली.

ते म्हणाले, "आणि मिटते कधी?"

"सव्वाबाराला."

ते सव्वाबारापर्यंत बसले. हवालदार दोनदा "चला" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

नंतर ठेकेदारांनी फोनवर वरच्या साहेबांना कळवले की टाकीभोवतीची दहा फुटांची कडा कापली की पाहणीला पुरे, उतार पुढच्या महिन्यात. मग त्यांनी उशिरा उठणारीचे एक रोप मुळासकट विकत मागितले. मी नकार दिला व खण क्रमांक ३७ मधले चिमूटभर बी फुकट दिले, पट्टीसकट. ही पट्टी १४७ वी. यंत्राला बांधलेली मी धरत नाही.

ठेकेदारांनी तक्रार मागे घेतली आहे. तरीही जबाब लिहून घ्या असा आग्रह माझाच, कारण तक्रारीत माझ्या नावपट्ट्यांची नोंद 'शंभरेक पत्रे' अशी केली गेली आहे आणि ते चूक आहे.

हवालदारांनी वरील सर्व मोठ्याने वाचले. चष्मा लावून मीही वाचले. सांगितले तसेच उतरले आहे. फक्त, रोप विकत मागितले तिथे आकडा राहिला होता, तो आग्रहाने लिहून घेतला: सुरुवात पाचशेपासून, शेवटची बोली अडीच हजार. नाही म्हणालो.