एस्टीत म्हैस कुठली?

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गगनबावड्याला निघाले होते. एस्टीत माझ्या पुढच्याच बाकावर एक ताई बाळाला नाचणीची खीर भरवत होती. तिच्या शेजारी बसलेल्या आजोबांना काही राहवेना.

“थुकतंय की पोरगं. कडू हाय काय खीर?”

“न्हाय ओ आजोबा, पहाटं उठून केलीया. तवापासनं त्याच्या पोटात काय न्हाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.”

“मग बिस्कीट दे की.”

“आठ महिन्याच्याला बिस्कीट? घरात हीच खीर वाटीभर खातंय. पर आमचं मामंजी त्याला गोठ्यात न्हेऊन, म्हैस दावत भरवत्यात.”

“आन् आता?”

“आता एस्टीत म्हैस कुठनं आणू?”

“थांब जरा. ओंऽऽय.”

“अगं बाई, तोंड उघडलं की. आजोबा, आणि एकदा.”

“ओंऽऽय. एका वरडण्याला एकच चमचा व्हय?”

“व्हय. पर तुम्ही थांबू नका.”

“ओंऽऽय.”

तेवढ्यात कंडक्टर मागं आला.

“आजोबा, कळं गाव आलं. हितंच उतरायचं न्हवं तुमास्नी?”

“फुडच्या थांब्याला सोड, पावण्या. वाटीत अजून चार चमचं हाईत.”