बोळकी मगर

माझी दाढ इतकी ठणकत होती की भिंतीवरचं घड्याळ तिच्याच ठोक्यावर चालत होतं. तरी दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बापलेकीचं बोलणं माझ्या कानांनी सोडलं नाही. लेक मुलांचं वाचनालय सांभाळायची.

"उद्या गोष्ट सांगायला मी येणार नाही. पुढचे सगळे दात आज काढणार. पोरं हसतील."

"बाबा, पोरांनी हसावं म्हणूनच तर तुम्हाला बोलावते."

"गोष्टीला हसणं वेगळं, थोबाडाला हसणं वेगळं."

"मी मगरीच्या हिरव्या शेपट्या कापून ठेवल्यात, पोरांच्या कमरेला बांधायला."

"मागच्या वेळीही कापल्या होत्यास."

"आणि तुम्ही ऐन वेळी मगरीचा उंट केलात! सगळे उंट मगरीच्या शेपट्या लावून घरी गेले."

"एक पोरगी घाबरून रडायला लागली, मग काय करू? उंट बिचारा चावत नाही."

"चावतो, बाबा."

"ते तिला कुठं माहीत होतं!"

"मग उद्या मगरच बोळकी करा. रडायचा प्रश्नच नाही."

"बोळकी मगर? ती खाणार काय?"

"पोरं तिच्यासाठी दात कापतील. पांढरा पुठ्ठा देते."

"दोरापण दे. मोठी कवळी करून माझ्या गळ्यात बांधू देत."

"म्हणजे येणार?"

"मगरच आली नाही तर दात कुणाला बसवतील?"

दार उघडलं. "आजोबा, चला आत."

"बाबा, घाबरलात?"

"मगर कधी घाबरते का गं?"

"मग माझा हात सोडा."