दोन बारा इंची, त्यातला एक मुका

नाव वरच्या रकान्यात नोंदवले आहे. बाजारात 'कानवाले काका' म्हणतात. वय ५४ वर्षे, धंदा मोटारगाड्यांत स्पीकर बसवणे, राहणार दुकानाच्याच माडीवर.

समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी एकवीस वर्षे धंदा करतो. आधी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत होतो. शिक्षण सातवी. काम कानाने शिकलो.

चालू महिन्याच्या ४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास या प्रकरणातील फिर्यादी, म्हणजे गाडीमालक, पांढरी छोटी गाडी घेऊन दुकानी आले. त्यांना डिकीत बारा इंची दोन सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, हवे होते. मी गाडीत बसून, दारे लावून, काचा ठोकून पाहिल्या आणि सांगितले, "साहेब, या गाडीला दहा इंची एक पुरे. बंद लाकडी डबा, घट्ट आवाज. तुमचा अँप्लिफायर लहान आहे. एका ताटात दोघे जेवायला बसवले तर दोघेही उपाशी उठतील."

ते म्हणाले, "मग एकालाच जेवायला घाला."

मला कळले नाही. तेव्हा त्यांनी खुलासा केला, की बसवायचे दोन, पण वायर एकालाच जोडायची. दुसरा नुसता दिसायला. त्याच्यामागे डब्यात वेगळा बंद कप्पा करायचा आणि तो स्पीकर आठऐवजी चारच स्क्रूंवर ठेवायचा. मी विचारले, "मुका स्पीकर कशाला पोसता?" त्यावर ते हसून म्हणाले, "काका, वाजायचं तुम्ही बघा, दिसायचं मी बघतो."

दिखाऊ गिऱ्हाइके मी पुष्कळ पाहिली आहेत. हेही त्यातलेच, असे समजून डबा मी स्वतः केला. ६ तारखेला गाडी दिली. घेताना त्यांनी गाणे लावून पाहिले नाही. ज्याला बेस हवा असतो तो गाडी सुरू करायच्या आधी गाणे लावतो. ही गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. आली नाही.

आज १२ तारखेला सकाळी साडेदहा वाजता त्यांच्या पत्नी तीच गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे बाहेरगावी गेलेत. मागे सारखं काहीतरी खडखडतंय, डोकं उठलंय. बघता का?"

माझ्या डब्याने खडखडणे म्हणजे भर बाजारात माझी बेअब्रू. मी खालचा सूर लावून हळूहळू वर नेला. एका ठिकाणी खडखड सुरू झाली. लाकडाची नव्हे, पत्र्याची. आणि येत होती मुक्याच्या पोटातून. पाहिले तर त्याच्या चारही स्क्रूंचे माथे घासलेले. मी ते तसे बसवले नव्हते. बाईंच्या देखत स्पीकर काढला. कप्प्यात शिवणकामाच्या सामानाची गोल पत्र्याची डबी होती. वाजू नये म्हणून पुरुषाचा मोजा चढवलेला, तो निसटलेला. मोजा धुतलेला नव्हता. डबीत सोन्याच्या चार बांगड्या आणि एक साखळी होती.

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "ही सासूबाईंची डबी." पुढे म्हणाल्या, "यासाठी आम्ही बाईला आत घातलंय."

बाई म्हणजे सासूबाईंना सांभाळणारी. ती हे दागिने चोरल्याच्या आळावरून चार दिवसांपासून याच ठाण्यात आहे, हे मला तेव्हा समजले. दागिने सासूबाई आपल्या मुलीला देणार होत्या, असेही त्यांच्या बोलण्यात आले.

त्यांनी पतीला फोन लावला. फोन त्यांच्या कानाशी होता. मला त्याची अडचण नसते. पती म्हणाले, "काकांना सांग, होतं तसं बंद करा. आठ स्क्रू लावा म्हणावं." पत्नी म्हणाल्या, "अहो, पण ती आत आहे." पती म्हणाले, "तिला कुठे नाव आहे जायला? सुटेल महिन्या-दोन महिन्यांत. आईला कळू देऊ नकोस, तिला त्रास होतो."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "काका, लावता का स्क्रू?"

मी विचारले, "ताई, सासूबाईंना भरवतं कोण सध्या?"

"मीच जाते. तोंड फिरवतात. तिला बोलवा म्हणतात."

मी स्क्रू लावले नाहीत.   नंतर त्या उठल्या, गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली आणि पायी निघून गेल्या. किल्ली मी मागितली नव्हती.

मी ठाण्यात फोन केला. आपले अंमलदार आले. शेजारचा टायरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यासमक्ष पंचनामा होऊन डबी, मोजा व स्पीकर ताब्यात घेण्यात आले.

"कप्पा कशासाठी हे माहीत होते का," असे विचारल्यावरून सांगतो, की नव्हते. पण कप्पा माझ्या हातचा आहे. मापे माझी, करवत माझी, आतून लावलेले कापडही माझे. चांगले मऊ कापड लावले होते. आज सकाळपासून हात तीनदा साबणाने धुतले.

फिर्यादींचा दुपारी मला फोन आला. म्हणाले, "घरची भानगड होती काका, तुम्ही कशाला मध्ये पडलात?" मी फोन ठेवला. तोंडात आले होते, ते या कागदावर लिहिता येण्यासारखे नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी कान देऊन ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मात्र शेवटी सवयीने 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही' असे वाक्य घातले होते. ते मी खोडायला लावले आणि खोडलेल्या जागी सही केली. तक्रार आहे.